मुका मार, बोलकी लक्षणे

शाळा-महाविद्यालयांना सुट्ट्या लागल्या की गावोगावच्या युवक मंडळांच्या क्रिकेट स्पर्धा सुरू होतात. एरवी दुकानात किंवा शिकवणीत गुंतलेली मुले मैदानावर उतरतात, घरची मंडळी प्रेक्षक होतात आणि समाजाला एकत्र येण्याचे प्रसन्न निमित्त मिळते. अशा स्पर्धांत एक प्रसंग हमखास घडतो. उंच उडालेला झेल घेण्यासाठी दोघे धावतात आणि एकमेकांवर आदळतात, किंवा उसळलेला चेंडू फलंदाजाच्या कानशिलावर बसतो. खेळ थांबतो. कोणी पाणी आणतो, कोणी मान चोळतो, कोणी ‘काही नाही झाले, ऊठ’ म्हणत पाठीवर थाप मारतो. मुलगा उठून उभा राहतो, टाळ्या वाजतात आणि खेळ पुढे चालू होतो.

वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत मोठी चूक याच क्षणी होते. मुलगा उठला म्हणजे सावरला, असे नाही. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूवरचा पहिला उपचार रुग्णालयात होत नसतो, तो मैदानावरच होतो. त्या उपचाराला औषध लागत नाही, खर्च येत नाही. शंका आली की त्या दिवसापुरता त्याचा खेळ थांबवायचा, एवढाच तो उपचार आहे.

हादरा म्हणजे नेमके काय?

कातडी फाटली नाही, रक्त आले नाही, तर मराठीत त्याला मुका मार म्हणतात. मेंदूलाही असा मुका मार बसतो. मेंदू कवटीच्या आत द्रवात असतो. डोके अचानक वेगाने हलले किंवा वेगात असताना एकदम थांबले की मेंदू आतल्या आत हिंदकळतो. त्याच्या पेशींचे सूक्ष्म तंतू ताणले जातात आणि पेशींच्या आतबाहेर असलेले क्षारांचे संतुलन बिघडते. ते पूर्ववत करण्यासाठी मेंदूला नेहमीपेक्षा अधिक ऊर्जा लागते आणि नेमक्या त्याच काळात तिचा पुरवठा अपुरा पडतो. या अवस्थेला डॉक्टर ‘कन्कशन’ म्हणतात. यात मेंदूची रचना बहुधा शाबूत असते, बिघडलेले असते ते त्याचे कार्य.

याविषयी तीन गैरसमज रूढ आहेत. पहिला असा की, शुद्ध हरपली तरच मेंदूला इजा झाली. प्रत्यक्षात कन्कशन झालेल्या बहुसंख्य खेळाडूंची शुद्ध क्षणभरही हरपत नाही. दुसरा असा की, मार थेट डोक्यालाच लागायला हवा. छातीवर किंवा खांद्यावर जोराचा धक्का बसून मान झटका खाऊन हलली तरी मेंदूला हादरा पोहोचतो. तिसरा गैरसमज असा की, स्कॅन साधा आला म्हणजे काहीच झाले नाही. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा कवटीचे हाड मोडलेले दिसते. पेशींच्या कार्यातला बिघड दिसत नाही.

मग ओळखायचे कसे? मार मुका असला तरी लक्षणे बोलकी असतात. डोके दुखते, गरगरते, मळमळते. दृष्टी धूसर होते, उजेड आणि आवाज सहन होत नाहीत. मुलगा प्रश्नाचे उत्तर उशिरा देतो, तेच तेच विचारतो, नुकतीच घडलेली गोष्ट विसरतो, चालताना तोल सावरत राहतो. कधी तो विनाकारण चिडतो, कधी रडवेला होतो. ‘डोक्यात धुके भरल्यासारखे वाटते’ असे वर्णन अनेक मुले करतात. यांतील एकच लक्षण असले तरी शंका घेण्यास ते पुरेसे आहे.

लक्षणे उशिराही येतात

ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सच्या मैदानावर इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह स्मिथ ८० धावांवर खेळत असताना जोफ्रा आर्चरचा उसळता चेंडू त्याच्या मानेवर बसला. तो कोसळला. संघाच्या डॉक्टरांनी त्याला मैदानाबाहेर नेऊन चाचण्या घेतल्या. त्या समाधानकारक ठरल्या. थोड्या वेळाने तो पुन्हा फलंदाजीला आला आणि ९२ धावांवर बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो डोकेदुखी आणि गुंगी घेऊनच उठला. पुन्हा तपासणी झाली आणि त्याला उर्वरित सामन्यातून वगळण्यात आले. त्याच्या जागी मार्नस लाबुशेन खेळला. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूऐवजी दुसऱ्याला पूर्णपणे खेळू देणारा आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचा नियम १ ऑगस्ट २०१९ पासूनच लागू झाला होता. कसोटी क्रिकेटमधील असा पहिला बदली खेळाडू लाबुशेन ठरला.

जागतिक दर्जाच्या संघासोबत तज्ज्ञ डॉक्टर असतात, चाचण्यांची ठरलेली पद्धत असते. तरीही तेथे लक्षणे उघड होण्यास एक रात्र जावी लागली. गावच्या मैदानावर पाच मिनिटे सावलीत बसवून ‘आता ठीक आहे’ असा निर्वाळा कोणी द्यावा आणि कशाच्या आधारावर? म्हणूनच वाढत्या वयातील मुलांसाठी जगभर मान्य झालेला नियम सोपा आणि कडक आहे. शंका आली की खेळ थांबवायचा, आणि त्याच दिवशी पुन्हा मैदानात उतरवायचे नाही.

या नियमामागे एका मुलाने भोगलेले दुःख आहे. ऑक्टोबर २००६ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातला झॅकरी लायस्टेड हा १३ वर्षांचा मुलगा अमेरिकन फुटबॉल खेळताना पडला आणि त्याचे डोके जमिनीवर आपटले. थोडा वेळ तो बाहेर बसला आणि उत्तरार्धात पुन्हा खेळायला उतरला. सामना संपताच तो कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून त्याचा जीव वाचवला. परंतु पुन्हा बोलण्यास त्याला अनेक महिने लागले आणि स्वतःच्या पायांवर उभे राहण्यास कित्येक वर्षे. त्याच्या नावाने २००९ मध्ये त्या राज्यात कायदा झाला. पालकांना आणि खेळाडूंना आधीच माहिती द्यायची, शंका येताच खेळाडूला बाहेर काढायचे आणि प्रशिक्षित वैद्यकीय व्यक्तीच्या लेखी परवानगीशिवाय परत घ्यायचे नाही, ही त्याची तीन सूत्रे. २०१४ पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांनी या धर्तीवर कायदे केले.

एका हादऱ्यातून मेंदू सावरण्याआधी दुसरा हादरा बसला तर बरे होण्याचा काळ लांबतो. क्वचित प्रसंगी किशोरवयीन मुलांत मेंदूला झपाट्याने सूज येऊन जीवही जातो. असे क्वचितच घडते, पण घडले तर उपाय हाती उरत नाही.

मैदानावर काय करावे?

मुलगा पडला आणि हालचाल करत नसेल तर त्याला ओढून किंवा उचलून उभे करू नये. मानेच्या मणक्याला इजा असण्याची शक्यता गृहीत धरावी. मान चोळू नये. डोक्यावरचे हेल्मेट प्रशिक्षित व्यक्तीशिवाय कोणी ओढून काढू नये. श्वास चालू आहे का हे आधी पाहावे आणि लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देण्याची क्रिया तत्काळ सुरू करावी. उलटी होत असेल तर डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून दोघा-तिघांनी मिळून त्याला कुशीवर वळवावे. शुद्ध पूर्ण नसताना तोंडात पाणी, सरबत किंवा गूळ घालू नये. तो घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. डोक्यावरच्या जखमेतून रक्त येत असेल तर स्वच्छ कापड हलक्या हाताने दाबून धरावे, मात्र हाड खचल्यासारखे वाटत असेल तेथे दाब देऊ नये.

मुलगा शुद्धीवर असेल, मान दुखत नसेल आणि हातपाय नीट हलत असतील तर त्याला सावकाश बाजूला न्यावे आणि साधे प्रश्न विचारावेत. हे कोणते मैदान आहे? समोरचा संघ कोणता? पहिली फलंदाजी कोणी केली? मागचा सामना कोणाशी होता, कोण जिंकले? उत्तर चुकले किंवा अडखळले तर मेंदूला हादरा बसला आहे असे समजावे. मात्र उत्तरे बरोबर आली म्हणून खेळण्याची परवानगी मिळत नाही, हे महत्त्वाचे. ज्याच्याविषयी शंका आली त्याचा त्या दिवसाचा खेळ संपला. त्याला एकटे सोडू नये, एकट्याने घरी पाठवू नये आणि दुचाकी तर मुळीच चालवू देऊ नये.

तत्काळ रुग्णालय केव्हा?

पुढीलपैकी एकही खूण दिसली तर वाट पाहू नये:

• क्षणभर का होईना, शुद्ध हरपली किंवा झटका आला
• डोकेदुखी तीव्र आहे किंवा वाढत चालली आहे
• उलट्या पुन्हा पुन्हा होतात
• मुलगा अधिकाधिक सुस्त, गोंधळलेला, अस्वस्थ किंवा आक्रमक होत आहे
• एक वस्तू दोन दिसते किंवा दिसणे बंद होते, दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसतात
• हातापायांत अशक्तपणा, बधिरता किंवा मुंग्या येतात
• मान दुखते किंवा दाबल्यावर दुखते
• नाकाकानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येतो, कवटीचा आकार बिघडलेला जाणवतो

मुलाला रक्त न गोठण्याचा विकार असेल किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर या खुणा नसल्या तरी त्याला रुग्णालयात न्यावे.

भारतीय क्रिकेटपटू रमण लांबा यांचा मृत्यू जुन्या क्रिकेटप्रेमींच्या स्मरणात असेल. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यातील एका क्लब सामन्यात ते हेल्मेटशिवाय फलंदाजाच्या अगदी जवळ क्षेत्ररक्षण करत होते. फटका थेट त्यांच्या डोक्यावर बसला. ते स्वतःच्या पायांनी चालत मैदानाबाहेर गेले. त्यानंतर त्यांची प्रकृती बिघडत गेली आणि काही दिवसांतच त्यांचे निधन झाले. कवटीच्या आत रक्त साचू लागले तरी काही काळ माणूस बोलतो, चालतो, ‘मी ठीक आहे’ असेही सांगतो. त्या अवधीत त्याच्यावर लक्ष ठेवणारे कोणी असेल तर शस्त्रक्रियेला वेळ मिळतो.

वरील खुणा दिसल्या तर ओळखीच्या छोट्या दवाखान्यात वेळ न घालवता चोवीस तास सीटी स्कॅन आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. असे जवळचे रुग्णालय कोणते, हे स्पर्धेच्या आयोजकांना आधीच ठाऊक असावे.

रुग्णालयात काय घडते?

डॉक्टर प्रथम मुलाची शुद्धी, डोळ्यांच्या बाहुल्या, मान, हातापायांची ताकद आणि तोल तपासतात. मार किती वाजता लागला, कसा लागला, नंतर मुलगा कसा वागला, हे सांगण्यासाठी घटना पाहिलेली व्यक्ती सोबत असावी. सामन्याचे चित्रीकरण झाले असेल तर तो भाग मोबाइलवर दाखवता येतो. डोक्याला पूर्वी लागलेला मार आणि चालू असलेली औषधे लपवू नयेत. मुलाचा उपवास, एकासणा किंवा आयंबिल असेल तर तेही आवर्जून सांगावे. पोटात अन्नपाणी नसल्याने येणारी चक्कर आणि हादऱ्याने येणारी चक्कर यांतला फरक डॉक्टरांना त्यामुळे करता येतो.

अनेक पालकांचा आग्रह असतो की, खर्च कितीही येवो, लगेच स्कॅन करा. आग्रहामागची माया समजण्यासारखी आहे. परंतु सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरणांचा मारा होतो आणि वाढत्या वयात तो विनाकारण टाळावा, असे शास्त्र सांगते. उत्तर अमेरिकेतील २५ रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत डोक्याला मार लागून आलेल्या ४२,४१२ मुलांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून कोणत्या मुलांना स्कॅनची गरज नाही हे ठरवण्याचे निकष तयार झाले. दोन वर्षांवरील मुलाची शुद्धी पूर्ण आहे, ती कधी हरपली नाही, उलटी नाही, तीव्र डोकेदुखी नाही, आघात भीषण नव्हता आणि कवटीच्या तळाचे हाड मोडल्याच्या खुणा नाहीत, असे असेल तर गंभीर इजेची शक्यता अत्यल्प असते. अशा वेळी डॉक्टर स्कॅन न करता काही तास निरीक्षणाखाली ठेवतात. तो हलगर्जीपणा नसून विचारपूर्वक केलेला उपचार असतो.

घरी आल्यावर

पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांतीचे. याचा अर्थ अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवणे नव्हे. २०२२ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे भरलेल्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने संपूर्ण विश्रांतीचा जुना सल्ला बाजूला ठेवला. घरातल्या घरात वावरावे, थोडे चालावे. मात्र धावपळ, अभ्यासाचा ताण आणि मोबाइल-संगणकाचा पडदा कमीत कमी ठेवावा. दुकानात गल्ल्यावर बसवून ‘नुसते बसायचेच आहे’ असे म्हणू नये. गर्दी, गोंगाट आणि हिशेब यांचा भार मेंदूवरच पडतो. विचारपूस करण्यासाठी येणाऱ्या आप्तेष्टांनीही दोन दिवस थांबलेले बरे.

डोक्याला मार लागलेल्याला झोपू देऊ नये, अशी समजूत घरोघरी आहे. पहिले काही तास त्याच्याजवळ कोणीतरी जागे असावे, हे खरे. परंतु डॉक्टरांनी तपासून धोका नसल्याचे सांगितले असेल तर झोप हे औषधच आहे. मुलगा हाक मारल्यावर जागा होतो का, ओळखतो का, एवढे पाहावे. जागाच होत नसेल तर ती झोप नव्हे. तत्काळ रुग्णालय गाठावे. वेदनेसाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन देऊ नये आणि आयबुप्रोफेनसारखी औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.

चौविहार पाळणाऱ्या घरांत रात्रीच्या औषधपाण्याचा प्रश्न येतो. मूल संकोचाने तहान लपवते, वडीलधारी मंडळी द्विधेत पडतात. आजारपणात मनाची समाधी ढळू नये म्हणून पच्चक्खाणातच आगार ठेवलेले आहेत. शंका असल्यास महाराजसाहेबांना विचारावे, पण औषध आणि पाणी रोखून धरू नये. तपस्या चालू असेल तर तिच्याविषयीही डॉक्टर आणि गुरू या दोघांचा सल्ला घ्यावा.

दोन दिवसांनंतर हलके चालणे सुरू करावे. आधी शाळा, मग खेळ, हा क्रम मोडू नये. सुरुवातीला अर्धा दिवस शाळा, मध्ये विश्रांती, परीक्षा शक्यतो पुढे ढकललेली. त्यानंतर खेळाकडे सहा पायऱ्यांनी परतायचे: दैनंदिन हालचाल, हलका व्यायाम, एकट्याने धावण्याचा सराव, धक्का न लागणारा सांघिक सराव, डॉक्टरांच्या परवानगीनंतर पूर्ण सराव आणि शेवटी सामना. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस द्यावा. लक्षणे वाढली तर मागच्या पायरीवर यावे. बहुतेक मुले चार आठवड्यांत पूर्ण बरी होतात. त्याहून अधिक काळ त्रास राहिला तर तज्ज्ञांकडे जावे.

नियम आधीच ठरावा

कॅनडातील ओटावा शहरात रोवन स्ट्रिंगर ही १७ वर्षांची मुलगी शाळेच्या रग्बी संघाची कर्णधार होती. मे २०१३ मध्ये आठवडाभराच्या आत तिला एकाहून अधिक वेळा मार लागला. डोके दुखत असल्याचे तिने मैत्रिणींना कळवले होते, कन्कशनविषयी मोबाइलवर शोधही घेतला होता. पण ती खेळत राहिली. शेवटच्या सामन्यात ती कोसळली आणि तिचे निधन झाले. घरच्यांना आणि प्रशिक्षकांना काहीच कळले नव्हते. ओंटारिओ प्रांताने २०१८ मध्ये तिच्या नावाने कायदा केला.

मुले लक्षणे लपवतात, ती खोटेपणाने नव्हे. संघ हरेल, मित्र हसतील, वडील ‘एवढ्याशा माराने बसलास?’ म्हणतील, याची त्यांना भीती असते. सोसण्याचे कौतुक व्यापारी घराण्यांत फार असते आणि ते योग्यही आहे. परंतु दुखापत सांगणाऱ्या मुलाला भित्रा ठरवणे हे त्या कौतुकाचे विकृत रूप होय. म्हणून ‘खेळू शकशील ना?’ हा प्रश्न मुलाला विचारूच नये. तो कर्णधारावरही सोपवू नये, कारण त्याचे मन धावफलकाकडे असते.

समाजाच्या स्पर्धांना कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रवेशपत्रिकेवर तीन ओळी छापता येतील: डोक्याला मार लागल्याची शंका आल्यास खेळाडू त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही, त्याच्या जागी संघाला बदली खेळाडू मिळेल, डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय तो स्पर्धेत परतणार नाही. बदली खेळाडू मिळाला की संघाचे नुकसान होत नाही आणि जखमी मुलाला परत उतरवण्याचा मोहही उरत नाही. निर्णय देण्यासाठी दोन्ही संघांबाहेरची एक जबाबदार व्यक्ती नेमावी आणि तिचा शब्द अंतिम मानावा.

पच्चक्खाण आधी घेतले जाते. भूक लागल्यावर विचार करून नव्हे. म्हणूनच ऐन कसोटीच्या वेळी वाद घालावा लागत नाही. खेळाच्या मैदानावरचा हा नियमही तसाच नाणेफेकीपूर्वी ठरलेला असावा.